लाल दोऱ्याच्या कोंबड्या

कोंबडीला काम नसलं की ती शेजारणीचं शेपूट उपटते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, एका अख्ख्या उन्हाळ्यात रोज डोळ्यांनी पाहिलेलं आहे. परवा सुनेनं मला मोबाइलवर कुणा परदेशी बाईंचा व्हिडिओ दाखवला. त्या बाईंनी कोंबड्यांसाठी झोका टांगला होता आणि एक लठ्ठ कोंबडी त्यावर बसून झुलत होती. सून म्हणाली, "बघा आई, काय काय शोधून काढतात लोक!" मी म्हटलं, बाई गं, हे मी परकर-पोलक्यात असताना गुलमंडीमागच्या बोळात केलंय, आणि त्यापायी आमच्या घरात बाप, घरमालकीण आणि देव अशी तिघांची पंचाईत करून ठेवली होती. तिनं "हो का?" म्हटलं आणि पुढचा व्हिडिओ लावला. तेव्हा हे आता नीट लिहूनच ठेवते.

पोलीस अॅक्शन होऊन गेल्यावर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शहरातल्या कचेरीत कारकुनी मिळाली आणि आम्ही करमाडचं बिऱ्हाड हलवलं. शेत तात्यांकडं, म्हणजे थोरल्या चुलत्यांकडं राहिलं. बैल राहिले. जातंसुद्धा राहिलं, कारण शहरात पिठाची गिरणी असते असं आबांनी छाती फुगवून सांगितलं होतं. मायनं सगळ्याला मान डोलावली आणि निघायच्या सकाळी कोंबड्यांचं डालगं मांडीवर घेऊन गाडीत बसली. डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली, वरून झाकण बांधलेली. आबा म्हणाले, "अगं, ह्या कुठं? शहरातली लोकं काय म्हनतील?" माय म्हणाली, "मला इचारलं तर मी सांगीन. तुमाला इचारलं तर म्हना, आमच्या न्हाईत." संपूर्ण वाटेत डालग्यातून क्वाक क्वाक चाललं होतं आणि आबा दुसरीकडं तोंड करून बसले होते.

त्या डालग्यात एक कोंबडा होता, तो मात्र आमचा नव्हता. पोलीस अॅक्शनच्या आधीच्या धामधुमीत आबा काही महिने घरी नव्हते. कुठं होते, ते त्यांनी पुढं कधी नीट सांगितलं नाही आणि मायनं खोदून विचारलं नाही. पण त्या दिवसांत ती आमच्या बांधावरच्या म्हसोबाला नवस बोलली होती, की धनी धडपणी घरी येऊ दे, घरच्या अंड्यातून निघालेला कोंबडा देईन. आबा आले. कोंबडाच येईना. अंडी उबवावीत तर सगळ्या पिलांच्या तलंगाच, म्हणजे माद्याच व्हायच्या, आणि एखादा तुरा दिसायला लागला की त्याला मांजर न्यायचं. शेवटी हा एक टिकला. मायनं देव्हाऱ्यातला लाल दोरा त्याच्या पायात बांधला आणि त्या घडीपासून तो देवाचा झाला; त्याचं नावच 'देवाचा' पडलं. देवाच्या कोंबड्याला मारायचं नसतं, हाकलायचं नसतं, शिवी द्यायची नसते. ही गोष्ट माझ्याआधी त्यालाच कळली असावी. तो आबांच्या जेवणाच्या पाटावर चढून बसायचा आणि आबा उभे राहून वाट बघायचे.

घर दगडी जोत्याचं होतं. खाली दोन खोल्यांत आम्ही, वर घरमालकीण खालाजान, आणि मागं चहूबाजूंनी भिंती असलेलं छोटंसं परस. त्यात न्हाणीचा दगड, चुलीच्या राखेचा ढीग आणि एक शेवग्याचं झाड. पहाटे मशिदीतून अजान व्हायची आणि ती संपायच्या आत आमचा देवाचा भिंतीवर चढून तिच्यावर ताण करायचा. मग टांग्यांच्या घोड्यांच्या टापा, मग पिंजाऱ्याची तुणतुण, मग मायच्या थापलेल्या भाकरीचा आवाज. दुपारी वरून मटणाच्या खलियाचा वास उतरायचा आणि खालून आमच्या येसराच्या आमटीचा वर चढायचा. दोन्ही वास जिन्यात भेटायचे, आणि मी पुष्कळदा जिन्यातच बसून भाकरी खायची. आजही मला विचाराल तर त्या भाकरीसारखी चव कुठंच नाही.

गावात कोंबड्यांना मोठा संसार होता. सकाळी खुराडं उघडलं की उकिरडा उकर, गोठ्यातलं शेण चिवड, बांधावरचे किडे धर, दिवेलागणीला दमून परत ये. शहरात आल्यावर पहिल्याच दिवशी एक कोंबडी मागच्या दारानं बोळात फिरायला गेली ती आलीच नाही. संध्याकाळी कुठूनसा फार छान रश्श्याचा वास आला आणि मायनं दार कायमचं लावून टाकलं. आता सकाळी पसाभर ज्वारी टाकली की ती टिपून व्हायला किती वेळ लागणार? त्यानंतरचा सगळा दिवस त्यांच्यापुढं मोकळा पडलेला. आधी त्या भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या. मग एकमेकींकडं बघायला लागल्या.

त्यांच्यात काबरी म्हणून एक ठिपक्याठिपक्यांची कोंबडी होती. ती स्वतःला पाटलीण समजायची. सगळ्यांत खालच्या मानाची होती बुटकी. गावात काबरी अंगावर आली की बुटकी चार पावलं लांब जायची आणि भांडण तिथंच मिटायचं. इथं चार पावलांवर भिंत होती. काबरीनं एकदा तिच्या शेपटीतलं पीस उपटलं, चोचीत धरून परसभर मिरवलं, आणि सगळ्यांना त्या खेळाची चटक लागली. पुढं तर रक्त निघालं. रक्त दिसलं की कोंबड्यांना दुसरं काही सुचत नाही. मायनं जखमेला हळद लावली तर पिवळं दिसतंय म्हणून सगळ्या दुप्पट जोरानं टोचायला आल्या. मग तिनं तेलात चुलीची काजळी खलवून लावली, तेव्हा कुठं त्यांना ते दिसेनासं झालं. हा सगळा तमाशा चालायचा भर दुपारी, आणि देवाचा मध्ये पडून भांडण सोडवायच्या ऐवजी बाजेवर उभा राहून आरवायचा.

खालाजान दुपारी झोपायच्या. एक दिवस त्या गॅलरीत आल्या, केस मोकळे, डोळे लाल, आणि आबा कचेरीतून यायचीच वाट बघत उभ्या राहिल्या. "कारकूनसाब, मेरेकू दोपहर कू जरा आँख लगाने की आदत है. तुमारे मुर्ग्यां सोने देते नै. कित्ता लड़ते जी! या तो इनकू चुप कराओ, नै तो घर खाली करो." आबांचा चेहरा पडला. तेव्हा शहरात जागा मिळणं कठीण होतं. त्यांनी खाली मान घालून "जी, जी" म्हटलं, घरात आले, टोपी खुंटीला लावली आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "फैसला झाला. दर रविवारी एक कापायची. सगळ्या संपेपर्यंत."

"आन् देवाचा?" मायनं विचारलं.

"देवाचा सोडून."

म्हणजे सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा तेवढा वाचला. माय परसात जाऊन बसली, बुटकीला मांडीवर घेतलं आणि तिच्या उघड्या पाठीवरून बोट फिरवत राहिली. जातं गेलं तेव्हा ती अशी बसली नव्हती. आणि माझं म्हणाल तर नव्या शाळेत मी तोंड उघडलं की पोरी हसायच्या. "लई" म्हटलं तरी हसायच्या, "व्हय" म्हटलं तरी हसायच्या. परसात मला कुणी हसत नव्हतं. मला त्या कोंबड्या हव्या होत्या, भांडखोर काबरीसकट सगळ्या हव्या होत्या, आणि त्या मी कुणाला कापू देणार नव्हते.

मी आबांसमोर जाऊन उभी राहिले. "आबा, म्या त्यांची भांडनं थांबवून दावली तर?" आबांना अर्ज आलेला आवडायचा. ते म्हणाले, "दरखास्त दाखल. रविवारपर्यंत मुदत."

त्या आठवड्यात शाळेतून आले की मी दप्तर भिरकावून परसात. सकाळची ज्वारी मी उघड्यावर टाकणं बंद केलं आणि राखेच्या ढिगात मिसळून दिली. जे काम पूर्वी चुटकीसरशी व्हायचं त्याला आता अर्धा दिवस लागायला लागला, वर राखेत लोळून अंग झाडायची सोय झाली. बाज उभी करून तिच्यावर गोणपाट टाकलं, म्हणजे बुटकीला लपायला आडोसा झाला. काबरीला दिसली नाही की काबरी तिला विसरून जायची. शेवग्याच्या फांदीला मेथीची जुडी टांगली, चोच जेमतेम पोचेल न पोचेल अशी. कोंबड्या उड्या मारून पान तोडायच्या, जुडी फिरायची, पुढचीच्या डोक्यावर आपटायची. झोकाही बांधला. त्यावर फक्त देवाचा बसला आणि उतरायलाच तयार होईना. शेवटी मी एक वाळवी लागलेलं लाकूड जिन्याखालून ओढून आणलं. ते फोडून वाळवी कोंबड्यांपुढं उघडी केल्यावर आमच्या परसात जी शांतता पसरली ती मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही.

त्या शांततेनंच खालाजानना जाग आली. त्या गॅलरीत आल्या, खाली वाकून बघितलं आणि किंचाळल्या, "हाय अल्ला! मेरे शादी के पलंग का पाया!" तो खरोखरच पलंगाचा पाय होता. त्या तरातरा जिना उतरून मला धरायला परसात आल्या, पण तेवढ्यात काबरीनं मेथीला उडी मारली, जुडी गर्रकन फिरून देवाच्याच्या तुऱ्यावर बसली आणि तो झोक्यावरून उलटा पडला. खालाजान हसायला लागल्या. इतक्या हसल्या की न्हाणीच्या दगडावर बसल्या. "पलंग का क्या है," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "उसपे भी लड़ाईच होती थी." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारची झोप सोडली. पानाचा डबा घेऊन गॅलरीत बसायच्या, खाली खरबुजाच्या साली टाकायच्या आणि कोण आधी पोचतं त्यावर माझ्याशी पैज लावायच्या. म्हातारपणी मी स्वतः दुपारी एकटी बसते तेव्हा मला कळतं की त्या बाईंना इतके दिवस झोप येत होती ती कसली.

शनिवारी त्यांनी वरूनच आबांना सांगून टाकलं, "रहने दो जी, अच्छे मुर्ग्यां हैं." मी आबांकडं बघितलं. आबांच्या हातात पुडी होती. पुडीत खोबरं, धने आणि दगडफूल होतं.

"आबा, भांडन मिटलं की," मी म्हटलं.

"मिटलं. लई चांगलं झालं."

"मग?"

आबा पुडीकडं बघत म्हणाले, "मग काय? आता खोबरं आनलंय."

आठवडाभर त्यांनी त्या रश्श्याचा विचार केला होता. खालाजानची तक्रार सुटली, पण आबांच्या जिभेनं स्वतंत्र फैसला केला होता आणि त्यावर अपील नव्हतं. माणूस एकदा मनातल्या मनात जेवला की त्याला पानावरून उठवणं फार अवघड, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

तेव्हा मी शेवटचा उपाय केला. संध्याकाळी माय पाणी भरायला गेली होती. मी देव्हाऱ्यातली लाल दोऱ्याची गुंडी घेतली, परसात गेले आणि एकेका कोंबडीच्या पायात दोरा बांधला. अगदी देवाच्याच्या पायात होता तसा, तेवढ्याच गाठी मारून. बुटकीलाही बांधला. विचार सोपा होता. देवाच्या कोंबडीला आबा सुरी लावू शकत नाहीत, मग सगळ्याच देवाच्या करून टाकू. मला त्या रात्री स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी भाकरी एक जास्त खाल्ली.

रविवारी सकाळी आबांनी धोतराचा काचा मारला, परसात गेले आणि काबरीला धरलं. मग तिला उलटी केली आणि तिच्या पायाकडं बघत राहिले. तिला सोडून दुसरी धरली. तिसरी धरली. "मथीची माय," त्यांनी हाक मारली (मथी म्हणजे मी), "जरा भायेर ये." माय पाट्यावरच्या वाटणानं भरलेल्या हातांनी बाहेर आली. तिनं सगळ्या कोंबड्यांचे पाय बघितले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती माझ्याकडं बघेल असं मला वाटलं, पण ती पूर्वेकडं, करमाडच्या दिशेला बघत होती.

"त्यानं मागितल्यात," ती म्हणाली.

"कुनी?"

"म्हसोबानं. कोंबडा द्यायला उशीर केला, म्हून दंड लावला. आता समद्या पायजेत त्याला."

आबा हसले. "अगं खुळे, म्हसोबा करमाडातनं हितं दोरा बांधायला आला? कशानं आला? टांग्यानं?"

"तुमी परत आलात," माय म्हणाली, "ते कशानं आलात?"

आबांनी हातातली कोंबडी हळूच खाली ठेवली आणि हात धुवायला गेले.

आता माझी अवस्था बघा. बोलावं, तर दोरा खोटा ठरणार आणि कोंबड्या आबांच्या सुरीखाली परत. गप्प राहावं, तर त्या सगळ्या डालग्यात बसून करमाडला म्हसोबापुढं जाणार आणि तिथं तात्यांची सुरी. आबा रविवारी एक कापणार होते. मी सगळ्या एकाच दिवशी कापायची व्यवस्था करून ठेवली होती. पुढच्या रविवारी जायचं ठरलं, तात्यांना सांगावा गेला, आणि मी दिवसभर पोट दुखत असल्यासारखी फिरत होते. त्यात मायच्या बोलण्यातून एक आशा सापडली. ती आबांना समजावत होती, "तेची बी रीत हाय की. पानी शिंपडायचं, म्होरं दाणं टाकायचं. जिनं टिपलं ती देवानं घेतली. जिनं नाय टिपलं ती देवाला नको." हे ऐकलं आणि माझं पोट एकदम बरं झालं.

शनिवारी मी पातेलंभर ज्वारी भिजत घातली. भिजलेली ज्वारी घशाखाली लवकर जाते आणि पोटात फुगते. करमाडला आम्ही सकाळच्या आगगाडीनं निघालो. निघताना खालाजान डालग्याकडं बघून म्हणाल्या, "सब कू ले जारे? एक तो छोड़ना था जी मेरेकू," आणि गॅलरीतून आत निघून गेल्या. गाडीत आबा खिडकीशी डुलक्या घेत होते, माय हात जोडून बसली होती आणि मी डालग्याला खेटून ओच्यातली ज्वारी विणीच्या भोकांतून मूठमूठ आत सोडत होते. आत अंधार. कुणाची चोच कुठली ते कळत नव्हतं. चोच आली की दाणा, चोच आली की दाणा. करमाडचं ठेसन येईपर्यंत ओचा रिकामा झाला आणि डालग्यातली हालचाल थांबली.

आमचा म्हसोबा बांधावर बाभळीखाली, शेंदूर फासलेला धोंडा. तात्यांनी भावकी बोलावली होती. तीन दगडांची चूल पेटली होती, मसाला वाटून तयार होता, आणि इतक्या कोंबड्या येणार हे कळल्यामुळे जरा जास्तच माणसं जमली होती. माय डोक्यावरून पदर ओढून बसली. थोरल्या दिराशी ती कधी थेट बोलत नसे. काही सांगायचं झालं तर ते माझ्या तोंडून जायचं, मी जन्मल्यापासून तो आमच्या घरचा टपाल रस्ता होता.

तात्यांनी पहिली काबरी काढली. पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, पुढं दाणे टाकले. काबरीनं मान वाकडी करून एका डोळ्यानं दाण्यांकडं बघितलं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं आणि खाली बसली. भावकीत कुजबुज झाली. आयुष्यात दाण्याला नाही म्हटलेली ती पहिलीच कोंबडी असेल. बराच वेळ गेला तेव्हा मायनं तिला उचललं. उचलताना तिचा अंगठा काबरीच्या गळ्याखाली आला आणि तिथंच थांबला. गळ्याखालची पिशवी गच्च भरलेली होती. मायनं अंगठा एकदा वरून खाली फिरवला. मग तिनं पदराआडून माझ्याकडं बघितलं. मी बाभळीकडं बघायला लागले.

"मथे," ती म्हणाली, "सांग तात्यांला, देव नाय म्हनला."

"तात्या, देव नाय म्हनला," मी सांगितलं. माझा आवाज चिरका निघाला.

त्यानंतर माय जी सुटली ती सुटलीच. तांबडी पुढं ठेवली, पापणी लवायच्या आत "सांग, नाय म्हनला." काळी ठेवली, "नाय म्हनला." तात्या म्हणत होते, "आरं थांबा की, बघू तरी द्या तिला दाणं!" पण माय उचलून डालग्यात टाकून मोकळी. बुटकीला तर तिनं जमिनीला टेकूसुद्धा दिलं नाही. भावकीची तोंडं उतरत चालली होती.

शेवटी देवाचा. पाणी शिंपडलं, कुंकू लावलं, दाणे टाकले. तो छाती काढून उभा राहिला आणि त्यानं दाण्यांकडं ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडीत प्रत्येक दाण्याला पहिली चोच कुणाची येत होती? हा देवाचा, आबांच्या पाटावर बसणारा! सगळ्यांत जास्त यानंच हाणली होती. मी मायकडं बघितलं. आता ती "नाय म्हनला" म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली नाही. ती दाण्यांवर नजर लावून तशीच बसून राहिली.

ऊन वर आलं. चुलीवरचं पाणी आटलं, पुन्हा ओतलं. तात्यांचा धीर सुटला. ते म्हणाले, "मथे, तुझ्या मायला म्हनावं, चोच धरून दाण्यावर दाबतो जरा. झालं टिपल्यासारखं." माझ्या तोंडून निरोप जायच्या आतच मायनं पदर सावरला आणि माझ्या देखत पहिल्यांदा ती तात्यांशी थेट बोलली. "दाबायची नाय. जोर करून द्यायचा असता तर म्या बोलले कशाला? बसू द्या त्याला. म्या बसते."

मला रडू यायला लागलं. दर रविवारची कोंबडी मी वाचवली होती, आणि त्या नादात मायचा सगळ्यांत जुना शब्द अडवून ठेवला होता. मग आबा उठले. सगळ्या भावकीसमोर ते जाऊन मायच्या शेजारी, अगदी लागून बसले, आणि आपली छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. त्या काळात आमच्याकडं असं कुणी करत नसे. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आबा हळू आवाजात म्हणाले, "मी आलोय की गं परत."

"ठावं हाय मला," माय म्हणाली. "त्याला सांगायचं ऱ्हायलंय."

आबा छत्री धरून बसून राहिले. हात बदलला, पण छत्री हलवली नाही. ऊन बाभळीच्या पलीकडं गेलं तेव्हा देवाच्यानं अंग झाडलं, एक पाय उचलला, दोन पावलं पुढं आला आणि एक दाणा टिपला. मग दुसरा टिपला. मायनं धोंड्यासमोर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडली. आबा गेले होते तेव्हा ती रडली नव्हती म्हणतात, आणि आले तेव्हाही नव्हती. तात्यांनी कोंबडा उचलला आणि बांधाच्या पलीकडं नेला.

मी जेवले का? जेवले. वाईट वाटत होतं, तरी दोनदा वाढून घेतलं. एका कोंबड्यात इतकी माणसं, त्यामुळे रस्सा फारच पातळ झाला होता.

संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही ठेसनाकडं निघालो. आबांनी घसा साफ करून विचारलं, "मग आता रविवारचं काय?"

"देवानं नको म्हनलेलं आपन खायचं?" माय म्हणाली.

"तहकूब," आबा म्हणाले, आणि छत्री काखेत मारून पुढं गेले.

डालगं मायनं उचललं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. वाट लांब होती, चुंबळ नव्हती, आणि आत सगळ्या जणी एका बाजूला कलून झोपल्या होत्या. माझी मान दुखायला लागली. मी कण्हले तेव्हा माय थांबली.

"जड हाय का गं?"

"लई जड हाय."

"असनारच," ती म्हणाली. "पातेलंभर जवारी हाय त्यांच्या पोटात. तूच भरलीस, तूच वाहा."

एवढं बोलून तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला आणि ती माझ्यापुढं चालू लागली. तिचे खांदे हलत होते. मघाशी रडताना हलत होते तसे नाहीत. ठेसन येईपर्यंत ती हसतच होती.